धानाची थैली घेऊन स्कार्बरोत

सगळ्यात आधी सांगून टाकतो, मी इंग्लंडला हवा खायला गेलो नव्हतो. ज्यांना विलायतेतल्या बागा आणि मडमांचे झगे यांचं वर्णन वाचायचं असेल त्यांनी दुसरं काही तरी हातात घ्यावं. मी मिस्त्री माणूस. तुरकर मिस्त्री म्हणून गोंदियाच्या राइस मिलांमध्ये मला सगळे ओळखतात, आणि माझं तोंड जरा तिखट आहे हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मी गेलो होतो धानाची मशीन बघायला.

झालं असं. दवनीवाड्याच्या धानवाल्यांनी त्या साली आपली सोसायटी काढली. गोंदियाला शेठजीच्या मिलच्या दारात बैलगाड्या घेऊन ताटकळायचं, आणि शेवटी शेठजीच्या मुनीमाने मूठभर धान उचलून "गीला है, ले जाव" म्हणायचं, याचा सगळ्यांना वीट आला होता. आपलीच मिल काढू म्हणाले. मशीन विलायती ठरली. कंपनीच्या मुंबईच्या एजंटाने कबूल केलं की मशीन तयार झाली की तुमचा एक माणूस आम्ही आमच्या तिकिटाने तिकडे नेऊ. त्याने स्वतः चालवून बघावी, पसंत पडली तर कागदावर सही करावी, आणि मगच ती पेटीत बंद होईल.

सोसायटीचे अध्यक्ष झनकलाल पाटील. पोटाने मोठे, मनाने त्याहून मोठे. मला म्हणाले, "मिस्त्री, तूच जाय. लढाईत बिरसीच्या विमानतळावर तू गोऱ्याइसंग काम केलं. तुले त्याइची बोली समजते."

बोली समजते म्हणजे काय, तर दुसऱ्या महायुद्धात बिरसीला धावपट्टी होत होती तेव्हा मी जनरेटरवर होतो आणि एका गोऱ्या सार्जंटाच्या शिव्या खात खात इंग्रजी शिकलो. तेवढ्या भांडवलावर निघालो. सोबत पाच पायल्या चिन्नोर घेतलं. चिन्नोर आमच्याकडचं सगळ्यात नाजूक धान. दाणा बारीक, वास असा की एका घरी भात शिजला की आळीत कळतं. पण मशीनची चकती जरा जाडीभरडी असली की दाणा तुटतो, त्याची कनकी होते, आणि कनकीला बाजारात कुत्रं विचारत नाही. विलायतेतले लोक मशीन बनवतात ब्रह्मदेशच्या जाड धानासाठी. त्यांच्या मशीनमध्ये आमचं धान टाकून, निघालेला तांदूळ तळहातावर घेऊन बघितल्याशिवाय सही करायची नाही, हे मी बोटीवर चढण्याआधीच ठरवलं होतं. दवनीवाड्याच्या साठ-सत्तर घरांचं धान त्या एका सहीवर होतं.

बोटीचं सांगत बसत नाही. पोटात काही ठरत नव्हतं, एवढं पुरे.

कारखान्याला कुलूप

कारखान्याच्या गावी आगगाडीतून उतरलो, थैली खांद्यावर मारली आणि पत्ता विचारत फाटकाशी गेलो. फाटकाला हे एवढं कुलूप! आजूबाजूच्या कारखान्यांनाही कुलपं. चिमण्यांतून धूर नाही, रस्त्यावर माणूस नाही. मला वाटलं कोणी मोठा माणूस मेला. चौकीदार म्हातारा होता, तो हसला. म्हणाला, इथे ऑगस्टात पंधरा दिवस सगळं गाव बंद असतं. मालक, मजूर, कारकून, सगळे एकाच दिवशी समुद्रावर जातात आणि एकाच दिवशी परत येतात.

आता सांगा! आमच्याकडे पोळ्याला बैलाला एक दिवस सुट्टी, माणसाला तीही नाही. आणि इथे अख्खं गाव कुलूप लावून वाळूत लोळायला गेलेलं. मी सात समुद्र ओलांडून नेमका त्याच पंधरवड्यात टपकलो. माझी परतीची बोट कारखाना उघडल्यावर दोनच दिवसांनी होती.

चौकीदाराने माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. कंपनीचे गिब्सन साहेब, बाहेरदेशची विक्री बघणारे, तेही समुद्रावर होते. चिठ्ठीत लिहिलं होतं की स्कार्बरोला या, तुमची सोय आम्ही केली आहे, मजा करू.

मजा करू! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जाणार कुठे? थैली उचलली आणि पुन्हा गाडीत बसलो.

मिसेस डॉब्सनचं घर

स्कार्बरो गाव दिसायला वाईट नाही, खोटं कशाला बोलू. मधोमध समुद्रात घुसलेला डोंगर, त्यावर पडका किल्ला, डोंगराच्या दोन बाजूंना दोन किनारे. काठावर उंच घरं, आणि कडा चढायला रुळांवरून वर-खाली होणारी डब्याएवढी गाडी. तिचा दोर आणि चाकं बघत मी बराच वेळ उभा राहिलो. गिब्सन साहेबांना वाटलं मला समुद्र आवडला.

गिब्सन साहेब उंच, लाल, सारखे हसणारे. त्यांनी पहिल्याच भेटीत माझा हात दोन्ही हातांत धरला. मी पहिलंच वाक्य बोललो, "मशीन कधी बघायची?"

"ते सगळं नीट झालंय, मिस्टर तुरकर. काळजी सोडा. आता सुट्टी!"

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही ऐकू यायचं.

माझी खोली मिसेस डॉब्सन नावाच्या बाईच्या घरी होती. घर स्वच्छ, बाई त्याहून स्वच्छ. सकाळी ताटात अंडं, मासा, भाजलेला पाव. खाऊन मी खोलीकडे निघालो तर बाई जिन्यात आडवी. म्हणाली, "आता बाहेर जायचं, मिस्टर तुरकर. संध्याकाळी जेवायच्या वेळी या."

"बाहेर कुठे?"

"कुठेही. इथला नियम आहे."

मला वाटलं माझ्याच रंगाची भानगड आहे. मी भांडायच्या तयारीत वळलो, तर माझ्यामागे गोरी माणसंही निमूट टोप्या घालून, छत्र्या घेऊन बाहेर निघालेली. त्यात एक म्हातारा होता, त्याला खोकल्याची ढास लागली होती. तोही चालला. बाहेर पाऊस भुरभुरत होता. खोलीचं भाडं भरलेला माणूस दिवसभर बंद दुकानांच्या पायऱ्यांवर उभा राहतो आणि बाईला गुड मॉर्निंग म्हणतो! आमच्याकडे आलेल्या माणसाला निघतो म्हटलं तरी चारदा बसवतात, आणि खरंच निघाला तर त्याचे जोडे लपवतात. मी त्या म्हाताऱ्याला म्हटलं, "तुम्ही काही बोलत का नाही?" तो म्हणाला, "बोलायचं कशाला? सगळीकडे असंच असतं." मला त्याचाच जास्त राग आला.

धानाची थैली मात्र बाईने खोलीत ठेवू दिली नाही. उंदीर येतील म्हणे. त्यामुळे मी जिथे गेलो तिथे ती माझ्या खांद्यावर होती. किल्ल्यावर, बंदरावर, आइस्क्रीमच्या दुकानात. लग्नात वऱ्हाडाचं सामान वाहणारा माणूसही माझ्यापेक्षा मोकळा फिरला असेल.

आणि त्या भाताचं तेवढं सांगू द्या. माझ्यासाठी म्हणून बाईने एका संध्याकाळी खास भात केला. दुधात, साखरेत, तीन तास भट्टीत घालून, वर करपलेली साय. त्या दाण्याला दाणा म्हणवत नव्हतं. मी म्हटलं, "बाई, तांदूळ असा मारत नाहीत." तिचा चेहरा उतरला. नंतर मला वाईट वाटलं आणि मी सगळा खाल्ला. लाखोळीची डाळ आणि गरम भात आठवून डोळ्यांत पाणी आलं ते निराळंच.

वाळूत धान

पाच-सहा दिवस गेले. रोज मी सकाळी थैलीत हात घालून एक दाणा दाताखाली धरायचो. धान वाळलेलं असलं की कट्ट वाजतं. त्या दिवशी वाजलं नाही. दाणा दाताखाली दबला. समुद्राच्या दमट हवेने धान मऊ पडलं होतं. ओलं धान मशीनमध्ये टाकलं तर कनकीच होणार, आणि मग मशीन खराब का धान खराब हे देवालाही सांगता येणार नाही.

नशिबाने ऊन पडलं. मी दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेलो, वाळूवर माझी चादर पसरली, चादरीवर धान पसरलं, जोडे काढले आणि पायाने ओळी ओढत फिरायला लागलो. खळ्यावर करतात तसं. एक फेरी उभी, एक आडवी. जन्मभर केलेलं काम, त्यात मला काहीही वेगळं वाटलं नाही.

पण बघता बघता भोवती घोळका झाला! कापडाच्या खुर्च्यांत ऊन खात बसलेली माणसं खुर्च्या वळवून माझ्याकडे बघायला लागली. एका बाईने हळूच विचारलं, "ही तुमची पूजा आहे का?" दुसऱ्याने चादरीच्या कोपऱ्यावर नाणं टाकलं. मी ते उचलून त्याच्या मांडीवर परत टाकलं. म्हटलं, "धान वाळवतोय. खाता ना भात? तो झाडाला करपलेला लागत नाही."

तेवढ्यात तिथे लोकांना पाठीवर बसवून फिरवतात त्या गाढवांची रांग आली, आणि पहिल्याच गाढवाने चादरीत तोंड घातलं. त्याला हाकलतो तोच वरून समुद्रपक्षी. पांढरे, कोंबडीएवढे, निर्लज्ज! मी टॉवेल फिरवत, आमच्या बोलीत शिव्या देत चादरीभोवती धावतोय आणि ती माणसं हसून हसून टाळ्या वाजवताहेत. मग टोपीवाला एक माणूस आला, नगरपालिकेचा. खेळ करायला परवाना लागतो म्हणाला. खेळ! दवनीवाड्याच्या पोटापाण्याचा यांना खेळ दिसत होता. मी त्याच्याशी इतका जोरात भांडलो की गिब्सन साहेब पलीकडून धावत आले आणि त्यांनी माझ्या वतीने माफी मागितली. त्याचाही मला राग आला. माफी मागायला मी काही चोरी केली नव्हती.

धान वाळलं, पण वाळू मिसळली. मिसेस डॉब्सनचं चहाचं मोठं तबक मागून घेतलं आणि तिच्या परसात उभा राहून पाखडलं. बाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "माझी आई गहू असाच पाखडायची." त्या घरात तेवढं एकच वाक्य मला आपलं वाटलं.

व्हिटबी, आणि वाटेतली चक्की

एक दिवस गिब्सन साहेब आणि त्यांची बायको मला मोटारबसने व्हिटबीला घेऊन गेले. तिथे डोंगरावर मोडका मठ आहे. जवळजवळ दोनशे पायऱ्या चढून जावं लागतं. छप्पर नाही, नुसत्या कमानी आणि वारा. सगळे "किती सुंदर" म्हणत होते. मी थैली टेकवून धापा टाकत होतो. कचारगडच्या जत्रेला माघात जातो आम्ही, तिथलीही चढण छाती फोडणारी आहे, पण गुहेत पोचलं की तुमच्या आधी पोचलेला कोणी तरी हाताला धरून वर घेतो, पाणी देतो. इथे वर पोचल्यावर तिकीट मागितलं.

खरी बघण्यासारखी गोष्ट परतीच्या वाटेवर दिसली, आणि तिची कोणी जाहिरात केलेली नव्हती. बस माळावरच्या एका खेड्यात चहासाठी थांबली. ओढ्याकाठी पाण्यावर चालणारी दगडी चक्की घरघरत होती. आठ-दहा दिवसांनी कानावर कामाचा आवाज पडला! मी चहा सोडून आत घुसलो. चक्कीवाला सत्तरीचा, भुवयांत पीठ. तो खाली पडणारं पीठ अंगठ्याने बोटावर चोळून बघत होता. मी म्हटलं, मी मिस्त्री आहे. तो म्हणाला, ते दिसतंय.

त्याची इंग्रजी मला अर्धीच कळत होती, पण दगडाची भाषा एकच असते. टाकी कुठून मारता, चकतीत अंतर किती ठेवता, सगळं हातवाऱ्यांनी बोललो. मी थैली उघडून त्याच्या हातावर चिन्नोर ठेवलं. त्याने एक दाणा उचलला, दाताखाली धरला. कट्ट. माझ्याकडे बघून मान हलवली. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. त्या देशात आल्यापासून पहिल्यांदा कोणी तरी माझ्याशी माणसासारखं बोललं.

त्याने विचारलं, "आणि हे घेऊन फिरतोयस कशाला?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुझी मशीन कुठे आहे?"

"कारखान्यात."

"तू पाहिलीस?"

"नाही. कुलूप आहे."

"मग कारखान्यात आहे असं तुला कोण म्हणालं?"

बाहेर बसचा भोंगा वाजत होता. मी आठवून बघितलं. असं कोणीही म्हणालं नव्हतं. गिब्सन साहेब एवढंच म्हणत होते, सगळं नीट झालंय. बसमध्ये त्यांच्या बायकोशेजारी बसून मी काही विचारू शकलो नाही.

खेळण्यातली लढाई

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब मला एका बागेतल्या तळ्यावर घेऊन गेले. तिथे लढाई बघायची होती. खोटी. माणूस आत बसेल एवढ्या लहान लढाऊ बोटी, त्यांत मोठी माणसं बसलेली, ती बोटी फिरवताहेत, तोफांतून धूर, फटाके, काठावर हजारो लोक हसताहेत. मी बिरसीला खऱ्या लढाईचं काम केलेलं. आमच्या भागातले गेलेले किती जण परत आले नाहीत. आणि ज्यांनी ही लढाई खरी लढली त्याच माणसांना तिचं असं खेळणं करून बघायला गंमत कशी वाटते, हे मला आजही कळलेलं नाही.

पण मी बोटींकडे बघत नव्हतो. खिशातून सहीचा कागद काढला, उलगडला आणि साहेबांच्या पुढे धरला.

"ही माझी पसंतीची सही. मशीन चालवल्याशिवाय मी करणार नाही. मशीन कुठे आहे?"

साहेबांनी कागद वाचला. मग माझ्याकडे बघितलं. त्यांचं हसू पहिल्यांदाच गेलं.

"मिस्टर तुरकर, तुम्हाला माहीत नाही? ती तर केव्हाच बोटीवर चढली. तुम्ही मुंबईहून निघालात त्याच्या आधी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

त्यांनी कोटाच्या खिशातून पत्र काढलं. माझ्या पाहुणचाराच्या सूचना त्यात होत्या म्हणून ते जवळ बाळगत होते बिचारे. इंग्रजी कोणा वकिलाची असावी, पण खाली सही झनकलाल पाटलांची. लिहिलं होतं की आपण आमच्या माणसाचं तिकीट काढलंत, इतका मोठेपणा दाखवलात, आता आपल्या मालावर शंका घेणं आम्हाला शोभत नाही. मशीन आम्हाला पसंत आहे, ताबडतोब पाठवावी. आमच्या मिस्त्रीने वीस वर्षांत एक दिवस सुट्टी घेतलेली नाही. त्याला आपला देश चांगला फिरवून दाखवावा.

तळ्यात धडाधड फटाके फुटत होते आणि लोक टाळ्या पिटत होते. आमच्या माणसांची खोड मला ठाऊक आहे. ज्याच्या घरचं पाणी प्यायलो त्याचं वजनमाप तपासायचं नाही, त्याने अपमान होतो. गावात हे चालतं. पण हे काय गाव होतं? एका तिकिटाच्या उपकारात पाटलांनी सगळ्यांचं धान देऊन टाकलं होतं. आणि मी मूर्खासारखा पाच पायल्या धान घेऊन अख्खा किनारा पालथा घालत होतो.

मी साहेबांना म्हटलं, "बारीक दाण्यासाठी दुसरी चकती द्या. अजून वेळ आहे."

"तुमच्या अध्यक्षांनी एजंटाकडे लेखी मागणी करावी," साहेब म्हणाले. खरंच हळहळून म्हणाले. "मला वाटलं तुम्ही सुट्टीवर आहात. तुम्ही खूश का होत नाही हेच आम्हा नवरा-बायकोला कळत नव्हतं."

त्यांच्यावर मी ओरडलो नाही. ओरडायचं तो माणूस दवनीवाड्यात होता.

घरी

गोंदिया स्टेशनवर उतरलो तर फलाटावर बँड! दवनीवाड्याहून गाड्या भरून माणसं आली होती. गळ्यात एवढे हार पडले की मला पुढचं दिसेना. झनकलाल पाटलांनी मिठी मारली. त्यांच्या कानाशीच मी म्हटलं, "पाटील, काऊन केलं असं?"

"अरे, होऊन जाईल ना. विलायती मशीन होय. तू आता आला ना, बसवून दे."

"चकती जाड आहे जी तिची. एजंटाले आजच्या आज लिवा."

"लिवतो ना बा. घरी तं चाल."

त्यांनी लिहिलं नाही. एवढ्यात मागणी केली तर आपलीच लाज निघते म्हणाले. आणि मी? मी भांडलो, पण पाटलांच्या ओसरीवर, चार भिंतींच्या आत. बाहेर लोकांना काही बोललो नाही. त्यांनी मला बँड लावून घरी आणलं होतं, रोज कोणी ना कोणी जेवायला बोलवत होतं, समुद्र कसा असतो म्हणून विचारत होतं. मी समुद्राचं सांगत राहिलो. झनकलाल पाटलांवर माझा जेवढा राग आहे तेवढाच त्या महिन्यांतल्या माझ्या बंद तोंडावर आहे.

मशीन मीच बसवली. चकतीचं अंतर जेवढं कमी करता येईल तेवढं केलं. दिवाळी झाली, कापणी झाली, मळणी झाली. उद्घाटनाला सगळं गाव जमलं. नारळ फुटला. मला पुन्हा हार घातला. पाटील उभे राहिले आणि म्हणाले, "आपला मिस्त्री सायबाच्या देशात गेला. आपलं धान सोबत नेलं. डोळ्यानं पाहून, हातानं चालवून, पास करून मशीन आनली!"

टाळ्या पडल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते माझ्याकडे बघून हसत होते, अगदी मायेने. मला मान द्यायचा म्हणून ते खोटं बोलत होते.

धानाच्या पोत्यांतली पहिली चुंगडी भागरता मायची होती. एकटी बाई, आपल्या दोन एकरांत चिन्नोरच लावते, सगळ्यात निगुतीने. मी इंजिन सुरू केलं, पट्टा चढवला. धान वर गेलं, कोंडा उडाला, आणि खाली टोपल्यात पडायला लागलं ते पांढरंशुभ्र. लोक पुढे सरकले. भागरता मायने ओंजळ पुढे केली. बघितलं. बोटाने चाळलं. अर्ध्याहून जास्त कनकी होती.

ती काही रागावली नाही. माझ्याकडे वर बघून तिने विचारलं, "काऊन बापू, तू तं तिकडं जाऊन पाहून आला ना?"

इंजिन धडधडत होतं तरी ते सगळ्यांनी ऐकलं. मी पाटलांकडे बघितलं. ते टोपी सारखी करत होते.

"नाई पाहिली माय," मी म्हटलं. "मी किल्ला पाहिला. समुद्र पाहिला. मोडका मठ पाहिला, गाढवं पाहिले, खोटी लढाई पाहिली. मशीन नाई पाहिली. मशीन मी निघायच्या पह्यलेच तिकडून निघाली होती. आन हे मले तीन महिन्यापासून मालूम आहे."

पाटलांचा चेहरा काळवंडला. ते माझ्याजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, सारी जिनगी तू मिलाच्या भुशात काढली. मले वाटे तू एक डाव तरी कुठं फिरून यावं. खरं सांगतलं असतं तं तू गेला असता का?"

मी गेलो नसतो. त्यांचं खरं होतं. याला शिव्या कशा द्यायच्या, तेच मला सुचेना.

भागरता मायने दोघांचंही ऐकून घेतलं. मग ओंजळ तशीच पुढे धरून म्हणाली, "ते ठीक आहे जी पाटील. पन मंग माह्या धानाचं का?"

मी इंजिन बंद केलं. गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला. रांगेतल्या लोकांना म्हटलं, आपापल्या चुंगड्या घरी घेऊन जा, नवी चकती येईपर्यंत एक दाणा या मशीनमध्ये टाकू नका. मग सूप घेऊन भागरता मायसमोर जमिनीवर बसलो आणि तिच्या तांदळातली कनकी वेगळी करायला लागलो. थोड्या वेळाने पाटीलही आले, धोतर सावरून शेजारी बसले आणि त्यांनी दुसरं सूप ओढून घेतलं.